खावटीचें चक्र

मुदतीच्या ठेवीचा कागद हातीं पडला म्हणजे आपण शेवटची रक्कम आधीं पाहतों आणि मनांतल्या मनांत संतोष पावतों. व्याजावरचें व्याज आपल्या झोपेंतहि चढत असतें, ही त्यांतली मौज! याच गणिताची दुसरी बाजू आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. त्यासाठीं मुंबईहून फार दूर जावयास नको; पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा हे डोंगरी तालुके पुरेसे आहेत.

जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखांतला, शहापूर तालुक्याचा पेटा. राज्यें दोन, पण आषाढांतली भूक एकच. उतारावरची नागली आणि वरई वर्षभर पुरत नसे. आवणीचें काम तोंडावर यावें आणि कणगींत दाणा नसावा! अशा वेळीं खाण्यासाठीं सावकाराकडून जें धान्य उचलावयाचें त्याला खावटी म्हणत. पीक हातीं येतांच तें सवाईनें, म्हणजे मणास सव्वा मण, किंवा दिढीनें, म्हणजे मणास दीड मण, असें परत करावयाचें.

सावकारावर अन्याय होऊं नये म्हणून सांगतों, आषाढांतलें धान्य महाग आणि सुगींतलें स्वस्त असतें, शिवाय बुडीत खात्याचें भय असतें. तेव्हां कांहीं वाढीचें समर्थन करतां येईल. पण पीक बुडालें आणि फेड राहिली, तर दुसऱ्या वर्षीं दीड मणावर दिढी चढे. त्या वर्षीं सावकाराच्या कोठारांतून एक दाणाहि बाहेर पडलेला नसे!

हिशेब करून पाहावा. एका मणाचे दुसऱ्या वर्षीं सव्वादोन मण. तिसऱ्या वर्षीं ४० शेरी मणाच्या मापानें ३ मण १५ शेर. चौथ्या वर्षीं ५ मण अडीच शेर. दहा वर्षें फेड झालीच नाहीं, तर साडेसत्तावन्न मणांहून अधिक. सरळ व्याजानें हाच आंकडा सहा मण होतो. शेंकडा तीन दरानें आपला रुपया दुप्पट व्हावयास सुमारें चोवीस वर्षें लागतात, हें येथें आठवावें.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना या चक्राची ओळख नव्हती असें नाहीं. मनुस्मृतींत चक्रवृद्धि निषिद्ध मानली आहे, आणि तिच्याच शेजारीं कायिका, म्हणजे देहश्रमानें फेडावयाचें व्याजहि. दामदुपटीचा दंडक व्याजाला मुद्दलाइतकीच मर्यादा घालतो. परंतु धान्याला त्याच स्मृतींत पांचपटीपर्यंत मुभा! दिढीला ती मर्यादा ओलांडावयास चारच वर्षें पुरतात, हें वर दिसलेंच.

आणि कायिकाहि ठाणें जिल्ह्यांत नांदत होतीच. लग्नासाठीं थोडी रक्कम घ्यावयाची आणि तीपोटीं नवराबायकोनें धनकोच्या शेतावर राबावयाचें. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. सरकारनें नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालांत या प्रथेची नोंद आहे. १९४५ सालीं शेजारच्या उंबरगांव-डहाणू भागांत वारली उठले तेव्हां वेठ आणि लग्नगडी बंद करणें ही त्यांची पहिली मागणी होती. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्यासमवेत होतीं. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें न्यायालयाकडून मिळणाऱ्या व्याजाला मुद्दलाची मर्यादा घातली. पण रानांतला व्यवहार न्यायालयापर्यंत क्वचितच जाई. वेठबिगारीचें कर्जच संपलें असें मानणारा कायदा यावयास १९७६ साल उजाडावें लागलें.

खावटी हा शब्द मात्र टिकला. आदिवासी विकास महामंडळानें त्याच नांवानें कर्जें दिलीं. २०२० सालीं टाळेबंदींत मजुरी बुडाली, तेव्हां राज्य सरकारनें एका वर्षापुरती, कुटुंबामागें चार हजार रुपयांची खावटी मंजूर केली: निम्मी रोख, निम्मी वस्तुरूपानें. ती परत करावयाची नव्हती.