अमेरिकेतील बेघर माजी सैनिक : शोधमोहीम, भाडेसाहाय्य आणि पुनर्वसन

जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एका रात्री अमेरिकेतील शहरांत आणि लहान गावांत कर्मचारी व स्वयंसेवक हातात विजेरी आणि प्रश्नावली घेऊन बाहेर पडतात. पुलांखाली, उद्यानांत, उभ्या मोटारींत आणि निवारागृहांत रात्र काढणाऱ्या माणसांची त्या रात्री मोजणी होते. सैन्यदलात कधी सेवा केली आहे काय, हा त्या प्रश्नावलीतील एक प्रश्न असतो. २०२४ च्या मोजणीत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. त्यांपैकी १३,८५१ जणांना निवारागृहाचेही छप्पर नव्हते. २०१० मध्ये बेघर माजी सैनिकांची संख्या ७४,०८७ होती, म्हणजे चौदा वर्षांत ती निम्म्याहून अधिक घटली. याच २०२४ मध्ये देशातील एकूण बेघरांची संख्या मात्र ७,७१,४८० या उच्चांकावर पोहोचली होती.

घरभाड्याचा बाजार सर्वांसाठी सारखाच महाग असताना एका गटाचे बेघरपण घटते आणि इतरांचे वाढते, तेव्हा त्याचे कारण त्या गटासाठी उभारलेल्या यंत्रणेतच शोधावे लागते. ही यंत्रणा एका दिवसात उभी राहिली नाही आणि आजही ती निर्दोष नाही.

पहिल्या महायुद्धातील सैनिकांना कबूल केलेला बोनस तातडीने मिळावा, या मागणीसाठी १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक राजधानी वॉशिंग्टनमध्ये झोपड्या बांधून राहिले होते. त्यांतील अनेकांसोबत बायकामुलेही होती. २८ जुलै रोजी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या अधिपत्याखालील लष्करानेच त्यांना हुसकावून लावले. या प्रकाराची आठवण ताजी असतानाच दुसरे महायुद्ध झाले आणि १९४४ च्या ‘जीआय बिल’ने परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण व गृहकर्जाची हमी मिळाली. कृष्णवर्णीय सैनिकांना त्या गृहकर्जाचा लाभ प्रत्यक्षात फारसा घेता आला नाही. आजच्या बेघर माजी सैनिकांत कृष्णवर्णीयांचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. एकूण माजी सैनिकांतील त्यांच्या प्रमाणाच्या तो दुपटीहून अधिक ठरतो.

१९८० च्या दशकात व्हिएतनाम युद्धातील सैनिक मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसू लागले, तेव्हा सरकारी मदत कार्यालयांच्या चार भिंतींत होती आणि ज्यांना तिची गरज होती ते त्या इमारतींकडे फिरकत नव्हते. १९८८ मध्ये सॅन दिएगो येथे व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या संघटनेने एक वेगळा प्रयोग केला. लढणाऱ्या तुकडीला विश्रांतीसाठी सुरक्षित तळावर मागे आणले जाते, त्याला सैनिकी परिभाषेत ‘स्टँड डाउन’ म्हणतात. त्याच नावाने मैदानात तंबू उभारून तीन दिवस बेघर सैनिकांना जेवण, कपडे, अंघोळ, केशकर्तन आणि वैद्यकीय तपासणी मिळाली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, त्या तंबूंत न्यायालयही भरले. उघड्यावर झोपणे, दारू पिऊन भटकणे अशा किरकोळ गुन्ह्यांचे दंड थकले की अटक वॉरंट निघते, आणि वॉरंट असलेल्या माणसाला नोकरी व घर दोन्ही दुरावतात. ही गाठ न्यायाधीशांनी जागेवरच सोडवली. पुढे असे मेळावे अनेक शहरांत भरू लागले, त्यांना केंद्र सरकारची मदत मिळू लागली, आणि सैनिकाने कार्यालयात येण्याची वाट न पाहता कार्यालयानेच त्याच्यापर्यंत जावे, हे सूत्र सरकारी योजनांतही आले.

अमेरिकेतील माजी सैनिक व्यवहार खाते हे १९८९ पासून मंत्रिमंडळ दर्जाचे खाते आहे. स्वतःची रुग्णालये, अपंगत्व भत्ता, शिक्षणसाहाय्य आणि गृहकर्जाची हमी ही कामे त्याच्याकडे एकवटली आहेत. भारतात अशी कामे निरनिराळ्या यंत्रणांकडे विभागलेली असून सामान्य माजी सैनिकाचा संबंध प्रामुख्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी येतो. आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. भारतात जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा लागते. अमेरिकेत ही अट सामान्यतः २० वर्षांची असून बहुसंख्य सैनिक त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात. त्यामुळे ‘माजी सैनिक’ म्हणजे निवृत्तिवेतनधारक, हे समीकरण तेथे लागू पडत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन मंत्री एरिक शिन्सेकी यांनी पाच वर्षांत माजी सैनिकांचे बेघरपण संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. शिन्सेकी स्वतः लष्करप्रमुख राहिलेले होते. उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झाले नाही, मात्र त्यासाठी उपलब्ध झालेला पैसा आणि बदललेली कार्यपद्धती टिकून राहिली.

या पद्धतीचा कणा म्हणजे माजी सैनिक व्यवहार खाते आणि गृहनिर्माण व नगरविकास खाते यांची संयुक्त भाडे-व्हाउचर योजना. १९९२ मध्ये लहान प्रमाणात सुरू झालेल्या या योजनेला २००८ पासून संसदेने नियमित निधी दिला आणि तेव्हापासून १ लाख १० हजारांहून अधिक व्हाउचर उपलब्ध झाली. भाडेकरू सैनिक आपल्या उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के रक्कम भरतो आणि उरलेले भाडे ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार देते. त्याच्या जोडीला एक समाजकार्यकर्ता नेमला जातो. उपचार, व्यसनमुक्ती, नोकरीचा शोध, बँकेचे खाते, घरमालकाशी झालेला वाद अशा सगळ्या कामांत तो सोबत असतो.

घर कधी द्यायचे, या प्रश्नावर मोठा धोरणात्मक बदल झाला. पूर्वीची पद्धत पायरीपायरीची होती. आधी दारू सोडा, उपचार पूर्ण करा, तात्पुरत्या वसतिगृहात नीट राहून दाखवा, मग घर. २०१२ मध्ये खात्याने ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे आधी घर, हे तत्त्व या व्हाउचर योजनेसाठी स्वीकारले. या पद्धतीत उपचार उपलब्ध असतात, परंतु ते घेणे ही घर मिळण्याची अट नसते. २०१५ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सने आणि त्याच वर्षी ह्यूस्टनने माजी सैनिकांचे बेघरपण व्यवहारतः संपल्याचे जाहीर केले. व्हर्जिनिया, कनेक्टिकट आणि डेलावेअर या तीन राज्यांनीही हा टप्पा गाठला. ‘व्यवहारतः संपले’ याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. एकही सैनिक बेघर नाही, असे त्यात म्हटलेले नसते. बेघर झालेल्याला थोड्या अवधीत कायमचे घर मिळवून देण्याची क्षमता त्या शहराकडे आहे, एवढाच तो दावा असतो.

आकडेवारीत एक कोडे दिसते, ते येथेच उलगडते. २०२४ च्या जानेवारीत बेघर माजी सैनिक ३२,८८२ होते, आणि खात्याच्या नोंदीनुसार २०२४ या आर्थिक वर्षात ४७,९२५ माजी सैनिकांना कायमची घरे मिळाली. तरीही संख्या शून्यावर आली नाही, कारण एका रात्रीची मोजणी त्या रात्रीपुरतीच असते. वर्षभर एका दाराने माणसे घरात जात असतात आणि दुसऱ्या दाराने नवी माणसे रस्त्यावर येत असतात. २०२२ मध्ये ३३,१२९ असलेली संख्या २०२३ मध्ये ३५,५७४ झाली, ती याच दुसऱ्या दारामुळे. महासाथीच्या काळातील भाडेसाहाय्य संपले आणि भाडी चढली, तेव्हा आधीच काठावर असलेली कुटुंबे घसरली.

म्हणूनच बेघर होण्याच्या बेतात असलेल्या सैनिकाला वेळीच ओळखणे हा या यंत्रणेचा दुसरा भाग आहे. २०१२ पासून खात्याच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या माजी सैनिकांना दोन साधे प्रश्न विचारले जातात. गेले दोन महिने स्थिर निवारा होता काय, आणि येत्या दोन महिन्यांत तो जाईल अशी काळजी वाटते काय? रक्तदाब तपासण्याच्या ओघात विचारलेल्या या प्रश्नांना ‘हो, काळजी वाटते’ असे उत्तर आले की पुढील चौकशी होते आणि सामाजिक सेवेकडे पाठविण्याची व्यवस्था केली जाते. मदत मागायला संकोच करणाऱ्या माणसाला येथे ती मागावी लागत नाही, हे या उपायाचे बळ होय. अर्थात जो रुग्णालयात येतच नाही, तो या चाळणीबाहेर राहतो. त्यासाठी चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा आणि रस्त्यावर फिरणारी पथके आहेत.

काठावरच्या कुटुंबांसाठीची योजना २००८ च्या कायद्यातून आली आणि २०११ मध्ये तिचे पहिले अनुदान वाटले गेले. सरकार हा पैसा स्थानिक सेवाभावी संस्थांना देते. थकलेले भाडे, अनामत रक्कम, विजेचे बिल, सामान हलविण्याचा खर्च असे खर्च या संस्था भागवतात आणि निष्कासनाच्या खटल्यात कायदेशीर मदतही मिळवून देतात. दोन महिन्यांचे भाडे भरून एखादे कुटुंब घरातच राहिले, तर पुढे निवारागृह, रुग्णालय आणि व्हाउचर यांवर होणारा कितीतरी मोठा खर्च टळतो. सरकारी हिशेबात मात्र टळलेला खर्च दिसत नाही.

सैनिकाने सेवा केली की त्याला मदत मिळतेच, असेही नाही. निवृत्तीच्या कागदावर सेवामुक्तीचा शेरा असतो. तो ‘सन्मानपूर्वक’पेक्षा खालच्या दर्जाचा असेल तर अनेक लाभांचे दार बंद होते. अशा शेऱ्यामागे कधी गंभीर गैरवर्तन असते, तर कधी न ओळखला गेलेला मानसिक आघात, व्यसन किंवा मेंदूला झालेली इजा. म्हणजे ज्यांना बेघर होण्याचा धोका अधिक, तेच मदतीच्या कक्षेबाहेर. २०२० अखेरच्या कायद्याने संयुक्त व्हाउचर योजना अशा सैनिकांपैकी बऱ्याच जणांना खुली झाली.

व्हाउचर हाती आले म्हणजे घर मिळाले, असेही नसते. महागड्या शहरांत व्हाउचरच्या मर्यादेत घर सापडत नाही आणि अनेक घरमालक ते स्वीकारायला तयार नसतात. समाजकार्यकर्त्यांची पदे रिक्त असली की मंजूर व्हाउचरही पडून राहतात.

या सर्व अडचणी लॉस एंजेलिसमध्ये एकत्र आढळतात. शहराच्या पश्चिम भागात खात्याच्या मालकीची ३८८ एकर जमीन आहे. ती १८८८ मध्ये अपंग सैनिकांच्या निवासासाठी दान मिळाली होती आणि एके काळी तेथे हजारो माजी सैनिक राहत होते. १९७० च्या दशकापासून निवास बंद पडत गेला आणि जमिनीचे तुकडे विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानासाठी, खासगी शाळेच्या क्रीडासंकुलासाठी आणि वाहनतळासाठी भाड्याने गेले. कुंपणाबाहेरच्या पदपथावर माजी सैनिकांचे तंबू उभे राहिले. २०११ च्या खटल्यानंतर २०१५ मध्ये समझोता होऊन १,२०० घरांचा आराखडा ठरला. काम रेंगाळल्याने २०२२ मध्ये पुन्हा खटला दाखल झाला.

या खटल्याच्या निमित्ताने एक विसंगती सर्वांसमोर आली. अल्प उत्पन्न गटासाठीच्या घरांची पात्रता ठरविताना युद्धातील इजेबद्दल मिळणारा अपंगत्व भत्ता उत्पन्नात धरला जात असे. परिणामी, इजा जितकी गंभीर तितका भत्ता मोठा, आणि भत्ता मोठा म्हणून अर्जदार अपात्र. ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण खात्याने व्हाउचर योजनेच्या पात्रतेसाठी हा भत्ता उत्पन्नातून वगळला. सप्टेंबर २०२४ मध्ये संघराज्य न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी जमिनीचे भाडेकरार बेकायदा ठरवून १,८०० कायमची आणि ७५० तात्पुरती घरे बांधण्याचा आदेश दिला. सरकारने त्याविरुद्ध अपील केले.

२०२५ मध्ये धोरणाची दिशा बदलली. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जुलैमध्ये काढलेल्या आदेशात ‘आधी घर’ या तत्त्वाला दिला जाणारा सरकारी आधार थांबवून उपचारांना प्राधान्य देण्याचे निर्देश आहेत. त्याआधी मे महिन्यात त्यांनी लॉस एंजेलिसच्या त्याच जमिनीवर राष्ट्रीय केंद्र उभारून १ जानेवारी २०२८ पर्यंत ६,००० बेघर माजी सैनिकांना सामावून घेण्याची क्षमता निर्माण करण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये संपूर्ण लॉस एंजेलिस कौंटीत बेघर माजी सैनिक सुमारे ३ हजार होते. त्यामुळे हे केंद्र भरायचे तर अन्य भागांतील सैनिकांनाही तेथे यावे लागेल. गेली अनेक वर्षे व्हाउचर योजनेचा भर मात्र सैनिकाला त्याच्याच शहरात, नेहमीच्या वस्तीत भाड्याचे घर मिळवून देण्यावर राहिला आहे.