वाट फो मर्दन विद्यालय व परिसर (बँकॉक)

थायलंडची राजधानी बँकॉक येथील वाट फो या बौद्ध विहाराशी संलग्न असलेले, पारंपरिक थाई वैद्यक व मालिश शिकविणारे विद्यालय. चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर, रत्तनकोसिन या जुन्या नगरभागात, भव्य राजवाड्याच्या दक्षिणेस लागून हा विहार आहे. विद्यालयाची स्थापना १९५५ मध्ये झाली आणि शिक्षण मंत्रालयाची मान्यता मिळालेले ते थाई वैद्यकाचे देशातील पहिले विद्यालय ठरले. औषधनिर्माण, रोगचिकित्सा, प्रसूतिविद्या म्हणजे सुईणीचे शास्त्र, आणि मालिश या येथील चार शाखा होत. त्यांपैकी मालिशच्या शाखेने विद्यालयाचे नाव जगभर पोहोचविले असले, तरी इतर शाखांपासून तिला वेगळे काढले की तिचे मर्म हरवते. कारण थाई परंपरेत मालिश हा विसाव्याचा उपचार नसून औषध आणि आहार यांच्या जोडीचे चिकित्सेचे अंग आहे.

विद्यालय येथेच का निघाले, याचे उत्तर विहाराच्या भिंतींवर कोरलेले आहे. फोताराम नावाच्या जुन्या मठाच्या जागी चक्री राजघराण्याचा संस्थापक पहिला राम याने १७८८ मध्ये नव्या विहाराचे काम सुरू केले, ते १८०१ मध्ये पुरे झाले आणि बुद्धाचे वास्तव्य असलेल्या जेतवन विहारावरून या विहारास ‘फ्रा चेतुफोन’ हे नाव मिळाले. त्यानंतर तिसरा राम (कारकीर्द १८२४–५१) याने १८३२ पासून सोळा वर्षांहून अधिक काळ त्याचा जीर्णोद्धार चालविला आणि वैद्यक, इतिहास, काव्यशास्त्र, धर्म, रूढी अशा नाना विषयांचे ज्ञान विद्वानांकडून गोळा करवून ते शिलापट्टांवर कोरवून घेतले. ज्या काळी विद्या घराण्यांत आणि गुरुशिष्यांच्या खाजगी पोथ्यांत बंदिस्त होती, त्या काळी ती वाटेवरच्या माणसालाही वाचता यावी अशा रीतीने मांडणे ही असामान्य गोष्ट होती, आणि वाट फोला थायलंडचे पहिले विद्यापीठ म्हणतात ते याच अर्थाने. येथील १,४३१ शिलालेखांचा संग्रह २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला.

मालिशविषयक ६० शिलापट्टांवर मानवी देहाच्या पुढच्या व मागच्या बाजूच्या आकृत्या असून त्यांवर दाब देण्याचे बिंदू, ते जोडणाऱ्या रेषा आणि ज्या व्याधींवर ते उपयोगी मानले जातात त्यांची नावे दिलेली आहेत. या रेषांना ‘सेन’ म्हणतात. त्यांतील दहा प्रमुख असून त्या नाभीच्या परिसरातून निघून सर्वांगात पसरतात, अशी कल्पना आहे. इथा, पिंगखला, सुमना ही त्यांतील पहिल्या तिघींची नावे इडा, पिंगला, सुषुम्ना या योगशास्त्रातील नाड्यांशी असलेले नाते उघड सांगतात. मात्र रेषांचे मार्ग आणि उपचाराची रीत थाई परंपरेने आपली आपण घडविलेली आहे. बुद्धाचा वैद्य म्हणून पाली ग्रंथांत उल्लेखिलेला जीवक कोमारभच्च या विद्येचा आदिगुरू मानला जातो, आणि उपचारापूर्वी त्याचे स्मरण करण्याची प्रथा आहे.

शिलापट्टांइतकेच मोलाचे साधन म्हणजे ‘रुसी दत तोन’, अर्थात अंग ताणणारे ऋषी. कृत्रिम खडकांच्या छोट्या टेकड्यांवर बसविलेल्या या तापसांच्या मूर्ती स्वतःचे स्वतः करावयाचे ताण दाखवितात. कोणी मान वळविलेला, कोणी पाय खांद्याकडे ओढलेला, कोणी स्वतःची पोटरी दाबीत बसलेला आहे. १८३६ मध्ये अशा ऐंशी मूर्ती धातूत ओतविल्या गेल्या आणि प्रत्येकीसाठी आसन व त्याने शमणारी व्याधी सांगणारे पद्य रचले गेले. आज त्यांपैकी सुमारे दोन डझनच उरल्या आहेत. विहारातील पहुडलेल्या सोनेरी बुद्धाकडे घाईने जाणारे बहुतेक प्रवासी त्यांच्यासमोर थांबत नाहीत, ही खेदाची बाब आहे. विद्यालयाचा अभ्यासक्रम समजून घेण्यास याहून चांगली जागा नाही.

अध्यापनाचे वर्ग विहाराबाहेर महाराज मार्गालगतच्या गल्लीतील इमारतीत भरतात, तर विहाराच्या आवारातील मंडपांत प्रशिक्षित मालिशकार येणाऱ्यांवर उपचार करतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ३० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. विद्यार्थी जमिनीवरील गादीवर एकमेकांवर सराव करतात. थाई मालिशमध्ये तेल लावीत नाहीत आणि कपडेही उतरवीत नाहीत. अंगठा, तळहात, कोपर, गुडघा व पाऊल यांनी क्रमाक्रमाने दाब देऊन नंतर सांधे वळविले व ताणले जातात. दाबासाठी हाताचे बळ न वापरता देहाचा भार हळूहळू सोडावयाचा असतो, हे या विद्येतील पहिले आणि अंगवळणी पडण्यास सर्वांत अवघड कौशल्य होय. पूरक उपचारात हळद, गवती चहा, कापूर आणि आल्याच्या कुळातील प्लाय नावाचा कंद यांची पुरचुंडी वाफवून तिचा शेक देतात. नुआद थाई, म्हणजे पारंपरिक थाई मालिश, हा वारसा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदला गेला.

विहाराचे मुख्य आकर्षण म्हणजे ४६ मी. लांब व १५ मी. उंच अशी पहुडलेल्या बुद्धाची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हे असून भिंतीलगत मांडलेल्या १०८ काशाच्या पात्रांत भाविक एकेक नाणे टाकीत जातात. उपोसथगृहाभोवती, म्हणजे दीक्षाविधींच्या मुख्य दालनाभोवती, ‘रामकियेन’ या थाई रामकथेतील प्रसंगांचे १५२ संगमरवरी उठावशिल्पपट आहेत. चक्री घराण्याच्या पहिल्या चार राजांशी निगडित चार मोठे चेदी (स्तूप) रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांनी मढविलेले असून त्यांतील हिरव्या चेदीत, ब्रह्मी आक्रमणात भग्न झालेल्या अयुथ्थयाच्या बुद्धमूर्तीचे अवशेष ठेवले आहेत. दारांशी उभे असलेले दगडी चिनी रखवालदार चीनशी व्यापार करणाऱ्या जहाजांतून, जहाज स्थिर ठेवण्यासाठी भरलेल्या वजनाच्या रूपाने आले.

विहाराच्या उत्तरेस १७८२ मध्ये उभारणीस आरंभ झालेला भव्य राजवाडा व त्याच्या आवारातील पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. तेथे उघडे खांदे व गुडघे चालत नाहीत. पश्चिमेस थातियन धक्का असून तेथून नावेने पलीकडच्या काठावरील वाट अरुण गाठता येते. अरुणावरून नाव पडलेल्या या विहाराचा उंच मध्यवर्ती प्रांग, म्हणजे निमुळते होत गेलेले मंदिरशिखर, चिनी मातीच्या तुकड्यांच्या फुलांनी सजविलेला आहे. तो जवळून पाहण्यास सकाळ आणि थातियनच्या काठावरून पाहण्यास सूर्यास्ताची वेळ उत्तम. दक्षिणेस जुन्या वाणिज्य मंत्रालयाच्या इमारतीतील म्युझियम सयाम हे संग्रहालय थाई ओळख कशी घडत गेली याची मांडणी करते. त्याच्याही पुढे पाक ख्लोंग तलाद हा शहरातील फुलांचा मोठा बाजार असून तेथे रात्री उशिरा व पहाटे झेंडू, मोगरा, कमळे आणि ऑर्किड यांचे ढीग उतरतात आणि विहारांत वाहिल्या जाणाऱ्या फुआंग मालाय नावाच्या माळा तेथेच ओवल्या जातात. या सर्व भागासाठी सनाम चाय हे भुयारी रेल्वेस्थानक २०१९ मध्ये खुले झाले. तेथून विहार पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे.