‘क’ म्हणजे १७९ की उणे ७७?

‘काळेवाडी’ हा शब्द संगणक कसा साठवतो? भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत त्याला आठ बाइट लागतात : क, काना, ळ, मात्रा, व, काना, ड आणि दीर्घ वेलांटी. ० ते १२७ हे क्रमांक इंग्रजीने आधीच व्यापले होते. म्हणून आपल्या लिप्यांना त्यापुढची जागा मिळाली. ‘क’च्या वाट्याला १७९ आला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले.

१७९ ही संख्या फळ्यावर द्विमान पद्धतीने लिहा : १०११००११. सर्वांत डावीकडच्या १ ची किंमत १२८ धरली, तर बेरीज १७९ येते. तीच उणे १२८ धरली, तर उणे ७७! आठ अंक तेच. वाचण्याची रीत वेगळी.

मग रीत ठरवली कोणी? डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ‘सी’ भाषा घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर. हे यंत्र बाइट उचलताना डावीकडचा अंक चिन्ह मानी. आयबीएम ३७० वर मात्र अक्षरे धनच राहत. प्रत्येक यंत्राला सोयीची, वेगवान रीत वापरता यावी म्हणून १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकानेही हा निर्णय कंपायलरवर सोपवला.

इंग्रजी मजकुराला याची झळ लागत नाही, कारण १२७ पर्यंत दोन्ही रीतींचे उत्तर एकच. पण ‘क्रमांक १२७ पेक्षा मोठा असेल तर अक्षर देवनागरी’ अशी अट लिहिली, की चिन्ह मानणाऱ्या कंपायलरवर ती कधीच खरी ठरत नाही. इंग्रजीत तपासून बिनचूक ठरलेली आज्ञावली मराठीत फसते, तीही काही यंत्रांवरच!

उपाय साधा आहे : ‘अनसाइन्ड कॅर’ असे स्पष्ट लिहायचे. लिनक्सच्या गाभ्याने तर २०२३ मध्ये, ६.२ या आवृत्तीपासून, सर्व यंत्रांवर अक्षरे चिन्हरहितच धरण्याचा नियम केला.

इस्की मागे पडली, तरी प्रश्न संपलेला नाही. आजच्या यूटीएफ-८ मध्ये ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. ‘काळेवाडी’चे चोवीसच्या चोवीस बाइट १२७ च्या पुढचेच आहेत. चिन्ह मानल्यास या तीन संख्यांचे काय होईल, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.