गुरुवारची पाणी-पंचायत

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराबाहेर पाण्याचं न्यायालय बसतं. तूरिया नदीच्या आठ पाटांचे आठ पंच, सगळे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी. वकील नाही, कागदांची चवड नाही. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निकालही तिथल्या तिथे.

हे पाट मुस्लिम अमदानीत वाढले. तिथे पाटाला 'असेकिया' म्हणतात, तो अरबी 'साकिया'. आपल्या गझलेतला साकी आणि पखाल वाहणारा सक्का त्याच कुळातले! १२३८ मध्ये अरॅगॉनचा राजा पहिला जेम्स याने शहर जिंकलं. मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभं राहिलं, पाणीवाटपाची रीत मात्र जुनीच ठेवली. जेत्याला हे सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं. लोक सांगतात, मुस्लिम शेतकऱ्यांना चर्चमध्ये प्रवेश नव्हता म्हणून पंचायत बाहेर बसू लागली. ती लोककथा असेल. पण पंचायत आजही बाहेरच बसते.

मला आवडते ती तिथली बोलण्याची शिस्त. अध्यक्ष खूण करतो तोच बोलतो. (खूण पायाने करतात. आपल्याकडे यावरूनच भांडण लागेल.) आरोपी ज्या पाटावरचा, त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. आरोपी उजव्या तीरावरचा असेल तर सुनावणी चालवायची डाव्या तीराच्या माणसाने. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली.

आता आपली गोदावरी. तुटीची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावी, असं आपला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा सांगतो. पण पाऊस कमी झाला की कायदा बाजूला राहतो आणि भाषा सुरू होते ती 'त्यांनी आमचं पाणी पळवलं' अशी. आम्ही जायकवाडीच्या बाजूचे, तेव्हा 'ते' म्हणजे नाशिक-नगरवाले. माझी खाला निफाडला असते. तिच्या फोनवर 'ते' म्हणजे आम्ही.

म्हणून यंदा दहावीच्या वर्गात वाद ठेवला तेव्हा नाशिकची बाजू मी मुद्दाम पैठणच्या मुलाला दिली. आधी तो रुसला. दुसऱ्या दिवशी विचारत आला, "मॅडम, गंगापूर धरणातून नाशिक शहर पाणी पितं, ते तोडायचं कसं?"