माजघरातले हसू : बपेऱ्याकडून पाहिलेला एक ऱ्हास

मराठी दूरचित्रवाणीवरची निर्मळ कौटुंबिक विनोदी मालिका लयाला गेली, हे विधान आता इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. त्याची कारणेही ठरून गेली आहेत. एकत्र कुटुंब मोडले, अभिरुची घसरली, लोकांनाच सवंग तेवढे हवे असते. यांतले तिसरे कारण आम्हाला सर्वांत संशयास्पद वाटते. कारण 'लोक' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच नसतो. आम्ही ज्या भागात शिकवतो तो भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा सीमावर्ती भाग. बपेरा हे इथले राज्याच्या काठावरचे गाव. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. धानाची शेती, घरात झाडीबोली किंवा पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी असा इथला भाषाव्यवहार. या गावाकडून पाहिले म्हणजे त्या ऱ्हासाचा इतिहास जरा निराळा दिसू लागतो.

प्रारंभ अर्थातच चिमणरावांपासून करावा लागतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका त्यावर आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने या मालिकेकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहू नये. चिं. वि. (१८९२–१९६३) हे पालीचे अभ्यासक, बडोद्यास अध्यापन केलेले. त्यांचे 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ सालचे. म्हणजे मालिका आली तेव्हा हा विनोद सुमारे अर्धशतकाचा झालेला होता. मधल्या काळात, १९४० साली, मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' या चित्रपटातून तो रुपेरी पडद्यावरही आणला होता. छापील कथा, मग चित्रपट, मग मालिका, असा त्याचा प्रवास. या प्रवासात जे टिकले ते केवळ पात्रांची नावे नव्हेत. टिकला तो कथेचा आकार. एक भिडस्त, सरळमार्गी गृहस्थ, एक फसलेला बेत, त्यातून उडालेली तारांबळ, आणि अखेरीस सारे पुन्हा आपल्या घरात. नियतकालिकाच्या दहाबारा पानांत मावणारा हा आकार दूरदर्शनच्या अर्ध्या तासाला सहज लागू पडला. कौटुंबिक विनोदी मालिकेचा भाग ही मुळात मासिकातली विनोदी कथाच होती, असे आम्ही म्हणू.

पण ती पाहिली कोणी? मुंबई केंद्राचे प्रक्षेपण मुंबईच्या आसपास, आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या आसपास दिसे. विदर्भाच्या पूर्व टोकाला ते पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. लेखांतून ज्याला हमखास सुवर्णकाळ म्हटले जाते, तो इथे अनुभवाचा नव्हे, ऐकिवाचा विषय आहे. इथले चिमणराव ग्रंथालयात भेटतात.

इथल्या घरांत पडद्यावरचे कौटुंबिक हसू प्रथम आले ते हिंदीतून. १९८३ साली इन्सॅट-१ बी अवकाशात गेला, पुढच्या वर्षी देशभर लहान प्रक्षेपकांची रांग उभी राहिली, आणि त्याच १९८४ साली 'ये जो है ज़िंदगी' सुरू झाली. तिचे लेखक शरद जोशी, हिंदीतले नामांकित व्यंगकार. म्हणजे तिथेही मालिकेने छापील विनोदाकडूनच उसनवारी केली होती. नंतरच्या दशकात 'देख भाई देख', 'श्रीमान श्रीमती', 'तू तू मैं मैं', 'हम पांच' आल्या. या हिंदी घरांतली कितीतरी माणसे मराठी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'तू तू मैं मैं'मधली सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शक सचिन. 'हम पांच'मधले पाच मुलींचे गांजलेले वडील अशोक सराफ, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून त्यांना टोमणे मारणारी दिवंगत पत्नी म्हणजे प्रिया तेंडुलकर. मराठी रंगभूमीने कमावलेली विनोदाची जाण हिंदीत खपत होती आणि सीमेवरचा मराठी माणूस ती हिंदीतून परत घेत होता. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशातच होता. तेव्हा त्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारणही नव्हते.

अल्फा मराठी ही वाहिनी १९९९ साली आली आणि मराठी घर मराठीत बोलू लागले. सुरुवातीची 'प्रपंच' ही प्रतिमा कुलकर्णी यांची मालिका. एकत्र कुटुंबाकडे त्रयस्थ ममतेने पाहणारी. मात्र विनोदाच्या अंगाने पाहायचे तर २००१ साली सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' हाच या परंपरेचा कळस, असे आमचे मत आहे. पुन्हा प्रभावळकरच. पण या वेळी ते नुसते नट नव्हते. मालिका त्यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर बेतलेली होती. पुस्तकाचा घाट रोजनिशीचा, एकाच घरातल्या माणसांनी आपापल्या परीने लिहिलेला. (पुढे संगणकावरच्या रोजनिशीसाठी काहींनी 'अनुदिनी' हाच शब्द वापरायला घेतला, हा एक गमतीदार योग.) केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनात आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका ही पाच माणसे आठवड्यातून एकदा भेटत. त्या घरात विनोद करण्यासाठी नेमलेला निराळा माणूस नव्हता. नोकर तोतरा नव्हता, शेजारीण लठ्ठ नव्हती, कोणी स्त्रीवेष घेतलेला पुरुषही नव्हता. प्रत्येक जण आपापल्या जागी गंभीर होता आणि दुसऱ्याच्या नजरेतून हास्यास्पद होता. रोजनिशीच्या घाटामुळेच हे साधले. कारण रोजनिशीत एकच प्रसंग पाच जणांचा असतो आणि चूक प्रत्येक वेळी दुसऱ्याची असते. कौटुंबिक विनोदाचे मर्म याहून नेमकेपणाने मराठीत क्वचितच कोणी पकडले असेल.

मग बिघडले काय? कुटुंबे एका वर्षात मोडत नाहीत, अभिरुचीही एका वर्षात घसरत नाही. बदलले ते वेळापत्रक. ३ जुलै २००० रोजी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि आठ वर्षांत तिचे अठराशेहून अधिक भाग झाले. तिची निर्मिती बालाजी टेलिफिल्म्सची, आणि हीच संस्था पाच वर्षे आधी 'हम पांच' घेऊन आली होती. तेच निर्माते, तेच घर, तीच सासू-सून, तेच दिवाणखाने. आठवड्याची मालिका रोजची झाली एवढाच फरक, आणि त्या फरकाने विनोदाचे विष झाले. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली; तिचे भाग तीन हजारांवर गेले. टिपरे आणि ही मालिका एकाच वर्षीच्या, हे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

रोजच्या मालिकेला विनोद का झेपत नाही, हे अर्थशास्त्रापेक्षा काव्यशास्त्राने चांगले कळते. विनोद पूर्ण व्हावा लागतो. गैरसमज उलगडला, फजिती झाली, हसे झाले की तो संपतो. उद्यासाठी काही शिल्लक राहत नाही. दैनिक मालिकेचा धंदा तर उद्यावरच चालतो. तिला गैरसमज हवा, पण उलगडा नको. चिमणरावांच्या गोष्टीत जो गैरसमज दहा पानांत मिटतो, तोच सहा महिने मिटू दिला नाही तर त्याचे कारस्थान होते आणि गैरसमज करून देणारीची खलनायिका. शिवाय दर आठवड्याला एक विनोदी कथा लिहिणारा लेखक सापडतो. रोज एक लिहिणारा कुठून आणायचा? तेव्हा कथा, पटकथा, संवाद यांची वाटणी झाली आणि पुस्तकातून पडद्याकडे जाणारी वाट बुजत गेली. आम्हाला वाङ्मयाचे शिक्षक म्हणून हळहळ वाटते ती या वाटेची. निर्मळपणाची तितकी नाही.

आता लोकांचा प्रश्न. प्रेक्षकसंख्येचे आकडे ज्या यंत्रांवरून काढले जात, ती यंत्रे प्रदीर्घ काळ शहरांतच बसवलेली होती. खेड्यातले घर त्या मोजणीत आले ते नव्या 'बार्क' या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण आकडे द्यायला सुरुवात केल्यावर. म्हणजे २००० ते २०१५ या दीड दशकात, ज्यात विनोदी मालिका मागे पडली आणि कौटुंबिक कारस्थाने पुढे आली, बपेऱ्यासारख्या गावाने काय पाहिले आणि काय पाहून ते हसले याची नोंद त्या आकड्यांत नाही. 'खेड्यातल्या बायाबापड्यांना असलेच आवडते' हे वाक्य त्या काळात शहरी समीक्षेत सर्रास भेटे. त्या बायाबापड्यांना विचारायला कोणी गेलेच नव्हते.

अर्थात खेड्याला यातून सर्वस्वी निर्दोष सोडणेही योग्य नव्हे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात वीज तासन्‌तास जात असे. साप्ताहिक मालिकेचा भाग हुकला की ती गोष्ट कायमची गेली. दैनिक मालिकेचे चार भाग हुकले तरी पाचव्या दिवशी सून त्याच जिन्यावर उभी सापडते. जिची संथ गती शहरी समीक्षकाला असह्य वाटे, ती गती अंधारात बसणाऱ्या घराच्या सोयीची होती. शेजारणीने दोन वाक्यांत सांगावे आणि पुढे पाहावे, अशी तिची रचनाच होती. टिपऱ्यांच्या घरातली गंमत मात्र दोन वाक्यांत सांगता येत नाही.

ग्रामीण घर मोजले जाऊ लागले त्या सुमारास कौटुंबिक विनोदाचे दोन तुकडे झालेले होते. हसणे प्रहसनांच्या कार्यक्रमांकडे गेले: २०१४ साली 'चला हवा येऊ द्या', २०१८ साली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. त्यांत गुणी नट आहेत आणि 'हास्यजत्रे'तले लेखन तर पुष्कळदा उत्तम असते. पण तिथले घर दहापंधरा मिनिटांपुरते मांडलेले नेपथ्य असते, पुढच्या आठवड्यात बाप दुसरा आणि मुलगा तिसराच. कुटुंब उरले ते रडण्याकडे. २०१५ सालच्या 'दिल दोस्ती दुनियादारी'ने विनोदी घर परत आणले खरे, त्याला 'माजघर' असे जुने नावही दिले. पण त्यात राहणारी माणसे एकमेकांची नातलग नव्हती, मुंबईत एकत्र राहणारी तरुण मित्रमंडळी होती. माजघर राहिले, आजोबा गेले.

आमच्या बाजूची म्हणावी अशी एक बाई मात्र याच काळात मराठी पडद्यावर आली. २०१६ सालच्या 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची, नागपुरी ढंगाने बोलणारी. अनिता दाते यांनी ती जीव ओतून उभी केली. सुरुवातीला तिच्यात अस्सल विनोदी नायिकेचे सारे गुण होते: काटकसर, भाबडेपणा, जिभेची धार. पण मालिका रोजची होती. पाच वर्षे चालवायची तर राधिकेला मसाल्यांच्या मोठ्या कंपनीची मालकीण व्हावेच लागले, आणि तिथे ती आमच्या शेजारातून उठून गेली.

इथे एक अडचणीचा मुद्दा काढणे भाग आहे. ज्या निर्मळ मालिकांसाठी आपण हळहळतो, त्यांतले घर कोणाचे होते? चिमणराव पुण्याचे, टिपरे मुंबईचे; दोन्ही घरे पांढरपेशी, प्रमाण मराठी बोलणारी. ज्या बोलीत ण आणि ळ फारसे वावरत नाहीत, ती बोली प्रमाण मराठीच्या दिवाणखान्यात बहुधा हसे करून घेण्यासाठीच शिरली. निर्मळपणाच्या व्याख्येत ही गोष्ट बसवून घ्यावी लागेल. त्याच वेळी इथल्या लोकांना घरातल्या घरात हसणे ठाऊक नव्हते असेही नाही. दिवाळीनंतर मंडईत खडी गंमत आणि दंडार होतात, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर कौटुंबिक नाटके चालतात. त्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मात्र त्या नाटकांत रडणारे कुटुंब आणि हसवणारे पात्र सहसा वेगवेगळे असते. घरातला कर्ताच हास्यास्पद ठरावा, ही टिपऱ्यांची युक्ती तिथेही दुर्मीळ आहे.

म्हणून पदवीच्या वर्गात विनोदी साहित्य शिकवताना आम्ही एक स्वाध्याय देतो: टिपऱ्यांचे घर बपेऱ्याला आणा आणि एक भाग झाडीबोलीत लिहा. भाषेची अडचण कोणालाच येत नाही. अडचण घराची येते. दाराला घंटा नाही, शेजारी मागच्या सांदवाडीतून थेट चुलीपाशी येतो, आबा दिवसभर घरी बसत नाहीत, ते बांधीवर जातात. मुले आबा झकास लिहितात, शिऱ्या त्याहून झकास. श्यामला कोरी राहते, कारण सासऱ्यासमोर ती बोलणार तरी काय, असे त्यांना वाटते. मुली तिचे संवाद लिहितात. पण ते घरात घडत नाहीत. रोवणीच्या दिवसांत, चिखलात वाकून, इतर बायांच्या ओळीत उभी राहून ती सासऱ्याची हुबेहूब नक्कल करते.