महाकाळ, क्षिप्रातीर आणि अरवलीचे सुखटणकर

आपल्याकडे पाहुणे आले की त्यांचा एक दिवस ठरलेला असतो. सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा, दुपारी जेवण आणि उन्हे कलल्यावर मिरामार नाही तर कोलवा. देव आणि दर्या एकाच दिवसात. इंदूर-उज्जैनची मंडळी तर या बेतावर फारच खूश असतात, कारण त्यांच्याकडे देव उदंड असले तरी दर्या नाही. मग गोवेकराने उज्जैनला जायचे ठरवले तर त्याने बेत कसा आखावा? देव आहेच, महाकाळ. दर्याच्या जागी क्षिप्रेचा तीर. दोन-अडीच दिवस पुरतात. पण निघण्यापूर्वी एका माणसाची ओळख करून घ्यावी असे मला वाटते. त्याच्यामुळे हा प्रवास परक्या मुलखातला राहत नाही.

मंगेशीच्या देवस्थानाचा इतिहास ज्यांनी थोडाफार ऐकला आहे त्यांना हे नाव ठाऊक असेल. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने श्रीमंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, झुआरी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळला आला. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दिला. तो ज्यांच्या शब्दावरून दिला ते रामचंद्र मल्हार सुखटणकर, मंगेशाचे निस्सीम भक्त. हे वाचून आपण पुढे जातो. पेशव्यांचे कोणी सरदार असतील, एवढेच मनात राहते.

आता उज्जैनला या. महाकाळेश्वराचे आजचे देऊळ कोणी बांधले असे विचारले तर उत्तर मिळते, राणोजी शिंद्यांच्या काळात, त्यांच्या दिवाणाने. दिवाणाचे नाव रामचंद्रबाबा शेणवी. हे रामचंद्रबाबा आणि मंगेशीचे रामचंद्र मल्हार एकच. वेंगुर्ल्याच्या बाजूला, शिरोड्याला लागून असलेल्या अरवलीचे कुलकर्णीपण त्यांच्या घराण्याकडे होते. वेतोबाची अरवली ती हीच. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे देऊळ पुन्हा उभे करणारा आणि आपल्या मंगेशाला गाव मिळवून देणारा माणूस एकच आहे, आणि तो तेरेखोलच्या पलीकडचा, हाकेच्या अंतरावरचा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो मंगेशीपुरता येतो, माळव्याच्या पुस्तकांत महाकाळापुरता. दोन्ही पाने एकत्र ठेवून वाचायची सवय आपल्याला नाही.

नव्याने उभे करायची वेळ का आली, हेही माहीत असायला हवे. दिल्लीचा सुलतान अल्तमश याने १२३४-३५ च्या स्वारीत भिलसा आणि उज्जैन लुटले. महाकाळाचे देऊळ पाडून तिथली मूर्ती आणि लिंग दिल्लीला नेल्याचे त्याच काळच्या मिन्हाज-उस्-सिराजने लिहून ठेवले आहे. त्यानंतरची पाच शतके कशी गेली याबद्दल स्थानिक लोक पुष्कळ सांगतात. लिंग कोटितीर्थाच्या कुंडात लपवले होते, पूजा चोरून चालत असे, वगैरे. कुठ्ठाळीहून रातोरात देव हलवल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला या गोष्टी परक्या वाटत नाहीत.

मराठे माळव्यात ठाण मांडून बसले ते १७२८ नंतर. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पाने गिरिधर बहादुर आणि दया बहादुर या दोघांना गारद केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत माळवा प्रत्यक्षात मराठ्यांचा झाला. बादशहाने १७४१ मध्ये त्यावर कागदी मोहोर उठवली. वाटणीत उज्जैन शिंद्यांकडे आले आणि १८१० मध्ये दौलतरावाने ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत तीच त्यांची राजधानी होती. राणोजी तलवारीचा माणूस. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, राजस्थानातल्या राजांशी वाटाघाटी हे सगळे रामचंद्रबाबा पाहत. राणोजी १७४५ मध्ये वारला. पुढे जयाप्पा शिंद्याचे आणि बाबांचे जमेनासे झाले, तेव्हा ते पुण्यात सदाशिवरावभाऊंच्या जवळ गेले. भाऊंना कारभाराचे धडे त्यांनीच दिले असे इतिहासकार मानतात. पानिपतापूर्वी सात वर्षे, १७५४ मध्ये, ते वारले.

इथे एक गोष्ट आड न ठेवता सांगायला हवी. आपला माणूस म्हणून नुसत्या आरत्या ओवाळण्यात अर्थ नाही. रामचंद्रबाबा श्रीमंत होते, कारस्थानी म्हणूनही त्यांचा लौकिक होता, आणि दिवाणाची श्रीमंती ज्या चौथाई-वसुलीतून येई ती माळव्याच्या रयतेच्या खळ्यावरून उचललेली असे. म्हणजे महाकाळाच्या देवळाला लागलेला पैसा शेवटी माळव्याचाच. पण तो पुण्याच्या वाड्यात किंवा अरवलीच्या जमिनीत न जिरता उज्जैनच्या दगडात गेला, हे श्रेय मात्र बाबांचे. तेवढे द्यायला मला संकोच वाटत नाही.

देऊळ पाहताना घाई करू नये. तीन मजल्यांची रचना आहे. खाली, जमिनीच्या पातळीखाली उतरून महाकाळ. मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर. सर्वांत वर नागचंद्रेश्वर, ज्याचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते. लिंग दक्षिणमुखी, ज्योतिर्लिंगांत हेच एक. शिखराकडे मात्र आपण गोवेकरांनी जरा वेगळ्या नजरेने पाहावे. आपल्याकडे त्याच शतकात देवळांवर घुमट चढले, कमानीच्या खिडक्या आल्या. म्हणजे बांधकामात शेजारच्या इगर्जीची भाषा शिरली. उज्जैनला जुन्या माळवी शिखराची आठवण आणि मराठी हात यांचा मेळ दिसतो. एकच काळ, एकाच माणसाची श्रद्धा, पण दोन्हीकडच्या गवंड्यांनी आपापल्या भोवतालाचे ऐकले.

महाकाळाच्या मागच्या बाजूला रुद्रसागर तळे आहे आणि पलीकडे हरसिद्धी. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलेला ‘महाकाल लोक’ नावाचा मोठा मार्ग या तळ्याच्या काठानेच जातो. शंभरावर खांब, मोठमोठ्या मूर्ती, रात्री रोषणाई. ज्यांना आवडतो त्यांना आवडतो. माझी पसंती हरसिद्धीच्या अंगणाला. तिथे दोन दीपमाळा उभ्या आहेत, मराठी अमदानीतल्या. खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या, अंगभर दिव्यांच्या हातांनी भरलेल्या. आपली मंगेशीची दीपमाळ अष्टकोनी, सात मजल्यांची, एखाद्या मनोऱ्यासारखी. ही देशावरची, जेजुरीच्या घराण्यातली. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा दोन क्षण विसर पडतो की आपण कोणत्या प्रांतात आहोत.

कालिदासाने मेघदूतात ढगाला सांगून ठेवले आहे की महाकाळाला तू कोणत्याही वेळी पोचलास तरी सूर्य मावळेपर्यंत तिथे थांब. प्रवासाच्या बेतासाठी याहून चांगला सल्ला नाही. पहाटेच्या भस्मारतीची आगाऊ नोंदणी करावी लागते, चारच्या सुमारास ती सुरू होते, पुढे बसायचे तर पुरुषांना सोवळे आणि बायकांना साडी लागते. ती जमली तर उत्तमच. नाही जमली तर हळहळत बसू नये, सायंआरती गाठावी. गाभाऱ्यात जाऊन स्पर्श करायला मिळेलच असे धरून निघू नये. तिथले नियम बदलत असतात आणि सर्वसाधारण भाविकांना बहुधा बाहेरूनच दर्शन घ्यावे लागते.

आता तीर. महाकाळाहून रामघाट चालत जाण्याइतका जवळ. सिंहस्थाचे मुख्य स्नान इथेच. मागचा सिंहस्थ २०१६ चा, पुढचा २०२८ चा. त्या वर्षी हा बेत आखू नये, निदान ज्यांना शांतपणे बसायचे आहे त्यांनी. एरवी सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहावे. समोर दत्त आखाड्याचा घाट, मधून होड्या. पाण्याबद्दल मात्र एक गंमत आहे. क्षिप्रा उत्तरेला वाहत जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, म्हणजे हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराचे. पण क्षिप्रा उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, तेव्हा २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपाने चढवून तिच्या उगमाजवळ सोडण्याची योजना सुरू झाली. आज रामघाटावर बुडी मारणाऱ्याच्या अंगावरून बऱ्याच वेळा नर्मदेचेच पाणी वाहत असते.

आणि नर्मदा म्हणजे भडोच, म्हणजे आपला पश्चिम समुद्र. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात उज्जैनचे नाव ‘ओझेने’ असे येते. तिथून गोमेदासारखे दगड, मलमल आणि जाडेभरडे कापड भडोचच्या बंदरात उतरे आणि जहाजांत भरले जाई. त्याच पुस्तकात पुढे कोंकणची बंदरे येतात. तेव्हा उज्जैनला समुद्र नाही हे आपले म्हणणे तितकेसे खरे नाही. होता, बैलांच्या तांड्याने काही दिवसांच्या वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळा. जयपूरच्या सवाई जयसिंगाने बांधलेल्या पाचांपैकी ही एक, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करून घेतली आणि यंत्रे आजही वाचता येतात. जुन्या ज्योतिष्यांची शून्य रेषा उज्जैनवरून जात असे. पणजी त्या रेषेच्या दोन अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य उज्जैनला माथ्यावर आल्यानंतर सुमारे आठ मिनिटांनी पणजीच्या माथ्यावर येतो. सम्राट यंत्रावर सावली सरकताना पाहिली की हे आठ मिनिटांचे अंतर डोळ्यांना पटते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना इथे आधी न्यावे, देवळे मागाहून.

मग बाजारातले गोपाळ मंदिर, बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले. त्याचे चांदीचे दरवाजे मूळ सोमनाथाचे, महादजीने परत आणलेले, असे सांगतात. सांगोत बापडे. बायजाबाई मात्र खऱ्या, आणि कर्तबगारही.

महादजीचे नाव आलेच तर आणखी एक गोवेकर आठवतो. महादजीचा बक्षी, म्हणजे फौजेचा कारभारी, जिवबादादा केरकर. गाव तेरेखोलच्या मुखाशी असलेले आपले पेडण्याचे केरी. खर्ड्याच्या लढाईत, १७९५ मध्ये, शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्याकडे होती. पेडणे आधी सावंतवाडीकरांचे. पोर्तुगीजांकडे ते १७८८ मध्ये गेले. म्हणजे जिवबादादा घर सोडून निघाले ते एका राजवटीतून, आणि ते उत्तरेत असतानाच त्यांचे गाव दुसऱ्या राजवटीत गेले. लखबादादा लाड, बाळोबा पागनीस ही शिंद्यांच्या दरबारातली पुढची नावेही शेणवीच. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवरची ही माणसे लिहिता-वाचता येत होते म्हणून निघाली आणि हजार-बाराशे किलोमीटरवर जाऊन राज्य चालवू लागली. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीचे कवित्व करताना ही दुसरी वाट आपण विसरतो. तिचे कागद पुण्यात, ग्वाल्हेरला पडून आहेत, आणि वाचणारे दर पिढीला कमी होत आहेत.

राहिला प्रश्न कधी जावे आणि कसे जावे. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्रीत उज्जैनला सोडते. विमानाने जायचे तर इंदूर, तिथून पंचावन्न किलोमीटर. थंडीचे दिवस सुखाचे. पण एकदा तरी श्रावणात जावे, सोमवारी. त्या दिवशी महाकाळाची सवारी निघते. पालखी रामघाटावर जाते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते, गोपाळ मंदिरावरून परत येते. मंगेशीला दर सोमवारी पालखी पाहणाऱ्याला तो थाट ओळखीचा वाटेल, गर्दी मात्र शंभरपट.

तारीख ठरवताना एवढे लक्षात ठेवा. उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आधी संपतो. तरी सवाऱ्या त्यांच्या श्रावणाबरोबर थांबत नाहीत, भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघतात, आणि शेवटची, सर्वांत मोठी शाही सवारी त्याच पंधरवड्यात असते. तो पंधरवडा म्हणजे आपल्या पंचांगातला श्रावण वद्य. उज्जैनची जुनी माणसे सांगतात, हे शिंद्यांच्या वेळेपासूनचे, मराठ्यांचा श्रावण पुरा व्हावा म्हणून. तेव्हा कालनिर्णय बघा, आपल्या श्रावणातला शेवटचा सोमवार धरा, आणि खोली दोन महिने आधी सांगून ठेवा.