मुळावरच्या गाठींचा शोध

तूर-हरभऱ्याच्या बेवडावर पुढलं पीक जोमानं येतं, हे वाडवडिलांना ठाऊक होतं. कारण मात्र १८८६ साली जर्मनीत उमगलं. हेलरीगल या शास्त्रज्ञानं नत्र नसलेल्या वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा पेरला. ओट खुरटला; वाटाणा काही कुंड्यांत चांगला तरारला. वाळू निर्जंतुक केली, तर वाटाणाही खुरटाच! त्यात शेतमाती कालवलेलं थोडं पाणी घातलं, अन् तो हिरवागार झाला. म्हणजे करामत मातीतल्या जिवाणूंची. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी मुळांवरच्या गाठींतून ते वेगळे काढले. हवेतला नत्र ते पिकाला देतात. पुढं मुळं, पालापाचोळा कुजवणारे जिवाणू त्यातलाच नत्र दुसऱ्या पिकासाठी मोकळा करतात. हरभरा उपटला की मुळं खळ्यावर जातात. तो विळ्यानं कापावा.